नाही म्हणणाऱ्याची खुर्ची

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. लेखापरीक्षणाच्या नोकरीत रुजू झालास, फार आनंद झाला. पण पत्राच्या शेवटी तू लिहिलं आहेस की, वरती एकदा खमका आणि प्रामाणिक माणूस बसला की सगळी यंत्रणा सुतासारखी सरळ येईल. तुझी तळमळ मला समजते, म्हणणं मात्र पटत नाही. तो खमका माणूस चुकला तर त्याला अडवणार कोण? आणि अडवल्यानंतर अडवणारा त्याच खुर्चीवर राहणार का? मी आधी हे दोन प्रश्न विचारतो. संस्था भक्कम आहे की पोखरलेली, हे मला कायद्याच्या पुस्तकातून कळत नाही, या उत्तरांतून कळतं.

अर्जेंटिनाचं उदाहरण तू नीट अभ्यासावंस असं वाटतं. तिथल्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेत महागाईचा निर्देशांक काढणाऱ्या विभागाच्या प्रमुख होत्या ग्रासिएला बेवाक्वा. ज्या दुकानांतून किमती गोळा होतात त्यांची यादी सरकारने त्यांच्याकडे मागितली. ही यादी गुप्त ठेवायची असा कायदाच होता, कारण दुकानं एकदा कळली की त्यांच्यावर दबाव आणून आकडा खाली आणता येतो. त्यांनी नकार दिला. जानेवारी २००७ मध्ये त्यांना त्या पदावरून हटवण्यात आलं. रणगाडे रस्त्यावर आले नाहीत, संसद बरखास्त झाली नाही. एका विभागाची प्रमुख बदलली, एवढंच.

पुढे काय झालं ते बघ. सरकारी महागाई दहा टक्क्यांच्या आसपास दिसू लागली, खासगी अंदाज वीसच्या वर गेले. २०११ मध्ये स्वतंत्र अंदाज जाहीर करणाऱ्या अर्थतज्ज्ञांना जबर दंड ठोठावण्यात आला, त्यात बेवाक्वाही होत्या. मग विरोधी पक्षांच्या खासदारांनी हे खासगी आकडे स्वतःच्या तोंडून जाहीर करायला सुरुवात केली, कारण त्यांना संसदीय संरक्षण होतं. बाजारात भाव काय चाललाय हे सांगायलाही खासदारकीचं कवच लागावं! महागाईशी जोडलेले सरकारी रोखे ज्यांनी विश्वासाने घेतले होते, त्यांना खोट्या आकड्याप्रमाणे कमी पैसे मिळाले. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने त्या देशावर अधिकृतपणे ठपका ठेवला. आणि त्याच सुमारास सरकारने गरिबीचे आकडे देणंच थांबवलं. किती माणसं गरीब आहेत हे सरकारदरबारी कुठे लिहिलेलंच नाही, मग त्यांच्यासाठी तरतूद कशाच्या आधारावर मागायची?

डिसेंबर २०१५ मध्ये सरकार बदललं. बेवाक्वांना सन्मानाने परत बोलावलं गेलं. नवा निर्देशांक विश्वासार्ह करायला किती वेळ लागेल यावरून वरिष्ठांशी मतभेद झाले आणि दोन-तीन महिन्यांतच त्या पुन्हा बाहेर पडल्या. या वेळी सरकार दुसऱ्या पक्षाचं होतं, सुधारणेचं वचन देऊन आलेलं. तू ज्यांना 'वरची चांगली माणसं' म्हणतोस, त्यांनाही खालचा नकार पचवणं किती जड जातं ते यातून दिसतं. मोडायला एक आदेश पुरला, नव्या निर्देशांकाशिवाय मात्र देशाने कित्येक महिने काढले.

ग्रीसमध्ये याच कथेचा आणखी कडवट भाग आहे. २००९ सालची सरकारी तूट आधी सांगितली गेली होती त्याच्या कितीतरी पट निघाली. आंद्रेआस येओर्गियू २०१० मध्ये सांख्यिकी खात्याचे प्रमुख झाले आणि त्यांनी हिशोब नीट मांडून ती राष्ट्रीय उत्पन्नाच्या १५.४ टक्के असल्याचं सांगितलं. युरोपीय सांख्यिकी कार्यालयाने तो आकडा मान्य केला. तरी स्वदेशात त्यांच्यावर वर्षानुवर्षं खटले चालले. २०१७ मध्ये त्यांना कर्तव्यच्युतीबद्दल दोषी ठरवून दोन वर्षांची स्थगित शिक्षा सुनावली गेली. ठपका असा, की आकडा खात्याच्या मंडळाच्या मतदानाला न टाकता त्यांनी पुढे पाठवला. तूट किती आहे हे हात वर करून ठरवायचं, ही अपेक्षाच मला भीतीदायक वाटते. ज्यांनी आधीचे चुकीचे आकडे दिले त्यांच्यापेक्षा बरोबर आकडा देणाऱ्याला जास्त सोसावं लागलं, तर त्या खात्यातला पुढचा तरुण यातून काय शिकेल?

तुर्कस्तानचं थोडक्यात सांगतो. मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर नाजी आग्बाल यांनी महागाई आवरण्यासाठी मार्च २०२१ मध्ये व्याजदर वाढवून १९ टक्के केला आणि दोनच दिवसांनी त्यांना काढलं गेलं. नंतर दर उतरवत नेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारी आकड्यानुसारच महागाई ८५ टक्क्यांच्या पुढे होती. ही किंमत ज्याचं उत्पन्न बांधलेलं आहे त्याने मोजली. ज्याच्याकडे डॉलर, सोनं किंवा जमीन होती तो बराचसा निभावला. म्हणून संस्थांचा विषय हा सुशिक्षितांच्या गप्पांचा आहे असं कुणी म्हटलं की मला राग येतो. जिथे नियम चालत नाही तिथे ओळख चालते, वशिला चालतो, आणि गरिबाकडे नेमकं तेच नसतं. दाखला, कर्ज, पोलिसात तक्रार, प्रत्येक ठिकाणी त्याला कुणाचे तरी पाय धरावे लागतात. काही वर्षांनी हीच रीत आहे असं सगळे धरून चालतात आणि प्रामाणिक माणूस भोळसट ठरतो. धंदा करणाराही मग दहा वर्षांनी फळ देणारा कारखाना काढत नाही. उद्या नियम कुणासाठी बदलेल याचा भरवसा नसेल, तर पैसा लवकर सुटेल अशाच ठिकाणी तो घालतो.

माणसं मुळातच तशी असतात, असं तुला कार्यालयात रोज ऐकायला मिळेल. त्यावर न्यू यॉर्कचं उत्तर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या कचेऱ्यांतल्या परदेशी मुत्सद्द्यांना तिथे बेकायदा पार्किंगचा दंड भरण्याची सक्ती करता येत नव्हती. १९९७ ते २००२ या काळात न भरलेल्या दंडाच्या पावत्या दीड लाखांवर गेल्या. काही देशांचे मुत्सद्दी संरक्षण असूनही नियम पाळत होते, काहींचे सर्रास मोडत होते, म्हणजे घरची सवय सोबत येते हे खरंच. पण २००२ च्या अखेरीस, दंड थकवला तर गाडीची राजनैतिक नंबरप्लेट काढून घेण्याचा अधिकार शहराला मिळाला आणि हे प्रकार जवळजवळ थांबले. माणसं तीच, गाड्याही त्याच.

आणि जिथे जीव जातात तिथलं. जानेवारी २०१० मध्ये हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. मृतांच्या आकड्यावर आजही वाद आहे, पण कमीत कमी अंदाजही भयंकर आहे. पुढच्याच महिन्यात चिलीत ८.८ तीव्रतेचा, कितीतरी पट शक्तिशाली भूकंप झाला आणि मृतांची संख्या सुमारे पाचशे राहिली. केंद्र किती खोल, शहरापासून किती दूर, देश किती श्रीमंत, या सगळ्याचा त्यात वाटा आहे, तो मी नाकारत नाही. पण चिलीत इमारतीच्या सांगाड्यातल्या दोषाला ती पहिल्यांदा विकणारा मालक दहा वर्षं जबाबदार असतो आणि बांधकामाचे नियम पाळले जातात. कुणीतरी नकाशा परत पाठवला होता, कुणीतरी 'हा खांब चालणार नाही' असा शेरा लिहिला होता. त्या शेऱ्याने किती जीव वाचले हे लिहिणाऱ्याला कधीच कळणार नाही.

आता तुझ्याबद्दल. तुझ्या कामात मोठा भ्रष्टाचार पहिल्या दिवशी समोर येणार नाही. 'या वेळेपुरतं', 'साहेबांनी तोंडी सांगितलंय', 'नंतर नियमित करून घेऊ' अशी वाक्यं येतील. तोंडी आदेश आला की नम्रपणे लेखी माग. लेखी मिळाला नाही, तर काय सांगितलं गेलं, कधी आणि कुणाकडून, हे तूच फाईलवर टिपून ठेव. आक्षेप घेताना नियमाचा क्रमांक आणि रक्कम लिही, विशेषणं नको. आणि एकटा राहू नकोस. दुसऱ्या टेबलावरच्या कुणी असा शेरा लिहिला आणि तो बरोबर असेल, तर त्याच्या खाली तुझीही सही असू दे. एकट्या माणसाची बदली सहज होते, पाच जणांची करताना कारण द्यावं लागतं.

रुळलास की एक काम कर. तुझ्या कार्यालयात गेल्या काही वर्षांत मुदतीआधी कुणाकुणाच्या बदल्या झाल्या, आणि त्याआधी त्यांनी कोणत्या फायलीवर काय लिहिलं होतं, ते शोधून काढ. जुने शिपाई आणि कारकून यांना हे तोंडपाठ असतं. जे सापडेल ते मला सविस्तर कळव.

तुझा शुभचिंतक