वस्तीतल्या अभ्यासवर्गानं गरिबी हटते का हो?

प्रश्न : मी सोलापूरजवळच्या कुंभारीत, विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत राहते, विड्या वळते. आमचे मालक टॉवेलच्या लूमवर आहेत. मुलगी सातवीत, मराठी शाळेत, घरात आम्ही तेलुगू बोलतो. समाजमंदिरात कॉलेजची पोरं रोज सहा ते आठ फुकट वर्ग घेतात, तिथं ती आवडीनं जाते. पण सासूबाई म्हणतात, त्या दोन तासात पोरगी विड्यांची तोंडं मिटत बसली तर दोनअडीचशे विड्या पुढं सरकतात, शिकून काय गरिबी जाते का? मला उत्तर देता येत नाही. तुम्हीच सांगा.

उत्तर : ताई, सासूबाईंवर रागावू नका, त्यांचा हिशोब चुकीचा नाहीये. दोनअडीचशे विड्या म्हणजे आजचा पैसा आणि शिक्षणाचा पैसा कधी येईल त्याची तारीख कुणी देत नाही. नुसत्या वर्गानं गरिबी जाते असं मी पण म्हणणार नाही.

पण वर्गाचा उपयोग होतो का, याचं उत्तर मात्र आहे. मुंबईत आणि वडोदऱ्यात २००१ ते २००३ या काळात ‘प्रथम’ नावाच्या संस्थेच्या बालसखी वर्गांची नीट तपासणी झाली होती, म्हणजे एकाच इयत्तेला काही शाळांत वर्ग, काही शाळांत नाही आणि मग दोन्हीकडच्या पोरांची परीक्षा. बालसखी म्हणजे कोण, तर त्याच भागातली शाळा पूर्ण केलेली मुलगी, तिला थोडं ट्रेनिंग देऊन तिसरी-चौथीतली मागं पडलेली पंधरावीस पोरं रोज दोन तास सांभाळायला द्यायची. पोरं खरंच पुढं गेली, आणि सगळ्यात जास्त फायदा झाला तो अगदी मागं असलेल्यांचा. मात्र वर्ग सुटल्यावर वर्षभरात त्यातला बराच फायदा ओसरला, हे पण त्याच तपासणीत दिसलं. म्हणून सहा महिने पाठवलं आणि दिवाळीपासून बंद केलं असं करू नका, त्यात पोरीचा वेळ पण जातो आणि विड्या पण.

दुसरं, घरात तेलुगू आणि शाळेत मराठी, हे आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात घरोघरी आहे. पहिली-दुसरीत पोरगं गप्प बसतं, बाईंना वाटतं मठ्ठ आहे, खरं तर त्याला शब्दच कळलेला नसतो. वर्ग घेणाऱ्या पोरांपैकी कुणी दोन्ही भाषा बोलणारं असेल तर अर्धं काम तिथंच होतं. तुम्ही एकदा जाऊन बघा, नुसतं गृहपाठ उतरवून घेतात का पोरीला येत नाही तिथून शिकवतात. उतरवून घेत असतील तर सरळ बोला, फुकट आहे म्हणून गप्प बसायचं नाही.

सासूबाईंना पटेल अशी गोष्ट वेगळी आहे. पोरीला तुमची कारखान्याची वही वाचायला सांगा. किती विड्या दिल्या, छाट (खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या) किती काढली, पीएफ कापला का, हे तिनं मोठ्यानं वाचून दाखवू दे. शिक्षणाचा पैसा नोकरी लागल्यावरच येतो असं नसतंय, घरात कुणी हिशोब वाचणारं आहे हे समोरच्याला कळलं की छाट काढणारा हात पण जरा जपून चालतो (हे माझं मत, पण आमच्या आईच्या वहीवरूनच झालेलं).

आणि रोख पैशाचं म्हणाल तर विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार खात्याची शिष्यवृत्ती आहे. पाचवी ते आठवीला वर्षाला १,५०० रुपये, नववी-दहावीला २,०००, पुढं वाढत जाते. त्याला तुमचं विडी कामगाराचं ओळखपत्र लागतं, उत्पन्नाचा दाखला लागतो आणि फॉर्म ऑनलाइन असतो. नाव आधारवर एक, बँकेत दुसरं, असं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या, आपल्याकडं आडनावाच्या स्पेलिंगवरून फॉर्म अडकतात. वर्ग घेणाऱ्या पोरांना फॉर्म भरायला बसवा, ते पण शिकवणंच आहे.

संध्याकाळी सहा ते आठ वर्ग, आणि रविवारी सकाळी तासभर आजीजवळ बसून तोंडं मिटायची, एवढं ठरवून बघा. आजी बोलली तरी दोन तास सोडायचे नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे, अनुदानित शाळेत. वस्तीतल्या अभ्यासवर्गात शिकवणाऱ्या दादानं एनएमएमएसला (आठवीतल्या मुलांची सरकारी शिष्यवृत्ती परीक्षा) बस म्हणून सांगितलंय. खर्च नको म्हणून आम्ही नाही म्हणतोय. बरोबर आहे का? (यंत्रमाग कामगार, अशोक चौक)

उत्तर : नाही हो, बसवा. पास होऊन यादीत आला तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. अट अशी की घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत पाहिजे आणि सातवीला ५५ टक्के पाहिजेत (एससी, एसटीला ५ टक्के सूट). फॉर्म शाळेतूनच जातो, उद्याच मुख्याध्यापकांना भेटा. पेपर दोन असतात, एक बुद्धिमत्तेचा आणि एक शाळेच्या विषयांचा. बुद्धिमत्तेचा सराव शाळेत फारसा होत नाही, तो त्या दादाकडूनच करून घ्या.