काळे कान, पांढरे कान

प्रश्न : माझा पुतण्या दुकानाच्या मालासाठी चीनमध्ये यीवूला जातो. यंदा त्याने दोन पाकिटं आणली. एकात वाळलेल्या कानांसारखे काळे तुकडे, दुसऱ्यात पिवळसर पांढरी फुलं. काळ्याने रक्त पातळ राहतं आणि पांढऱ्याने कोरडा खोकला जातो, असं तिथल्या दुकानदाराने त्याला सांगितलं. सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला, रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू आहे. गोळीऐवजी हे दिलं तर? त्या स्वतः म्हणतात, ‘कुत्र्याच्या छत्र्या माझ्या स्वयंपाकघरात नकोत.’
– एक वाचक, तिलकनगर, इंदूर

उत्तर : ताई, गोळीऐवजी नको. एक दिवससुद्धा नको. गोळी मध्येच थांबवली तर स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती जिवावर बेतते.

दुकानदार मात्र खोटं बोलला नाही. अमेरिकेत मिनेसोटातले डॉ. डेल हॅमरश्मिट यांना एका माणसाच्या रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे गुठळी बनवणाऱ्या पेशी, एकमेकींना नीट चिकटत नाहीत असं दिसलं. शोध घेतला तर तो झणझणीत चिनी सेचुआन जेवण जेवून आलेला, आणि त्या जेवणात हेच काळे कान होते, म्हणजे एक प्रकारची अळंबी. १९८० मध्ये त्यांनी ते छापलं. म्हणूनच मला काळजी वाटते. गोळीही तेच काम करते. दोन्ही एकत्र झाली तर रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. सासूबाईंच्या ताटात काळे कान वाढण्याआधी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना पाकीट दाखवा. तुम्ही दोघं निरोगी असाल तर भाजी म्हणून जरूर खा.

यजमानांच्या नोकरीमुळे मी तीन वर्षं चीनमध्ये चेंगदूला राहिले. तिथे याला ‘मू-अर’ म्हणतात, म्हणजे लाकडाचा कान. शेजारच्या आजी ते उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटं शिजवून, निथळून, त्यावर लसूण, व्हिनेगर आणि तिखट तेल घालायच्या. कुरकुरीत लागायचं. त्यांच्या लेखी ते औषध नव्हतं, रोजचं जेवण होतं. जेवण आणि औषध यांत ते लोक भिंत घालत नाहीत, आपल्या आजीच्या डिंकाच्या लाडवांसारखंच. ली शीजेन यांच्या १५९६ साली छापलेल्या औषधकोशातही मू-अर भाज्यांच्या भागात आहे, आणि कुठल्या झाडावर उगवलं त्यावरून त्याचे गुण वेगळे धरले आहेत.

आता भिजवण्याबद्दल, आणि इथे मी हट्टी आहे. कोमट पाण्यात तास-दीड तास पुरे. मूठभर घेतलं तरी पातेलं भरतं, म्हणून थोडंच घ्या. रात्रभर ओट्यावर ठेवू नका. फार वेळ भिजत राहिलं तर त्यात एक जिवाणू वाढू शकतो, त्याचं विष कितीही उकळलं तरी जात नाही, आणि चीनमध्ये अशाने माणसं दगावली आहेत. बुळबुळीत झालं किंवा वास आला तर सरळ फेकून द्या.

पांढरी फुलं म्हणजे ‘यिन-अर’, चंदेरी कान. शरद ऋतूतली कोरडी हवा फुफ्फुसं सुकवते असं तिथलं शास्त्र मानतं, म्हणून या फुलांची खीर त्या दिवसांत करतात : भिजवून, देठाचा कडक पिवळा भाग काढून, लाल बोरं, कमळाच्या बिया आणि खडीसाखर घालून मंद आचेवर तास-दीड तास, रस चिकट होईपर्यंत. बिया सोललेल्या घ्या, आतला हिरवा कोंब काढा, तो कडू असतो. पूजेच्या दुकानातले कमळगट्टे यासाठी आणू नका, सालासकट असतात. गंमत म्हणजे चरक छत्र्यांना थंड, जड आणि सर्दी करणाऱ्या म्हणतात. दोन जुनी शास्त्रं, दोन वेगळी मतं! घसा कोरडा असेल तर ही खीर मऊ आणि सुखाची वाटते, एवढं मी स्वतः अनुभवलं आहे. खोकला बरा करते असा दावा मी करणार नाही. दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर छाती तपासून घ्या.

पाकीट उघडल्यावर फुलं अगदी पांढरीशुभ्र दिसली आणि नाकाला झोंबणारा वास आला, तर गंधकाचा धूर दिलेला असू शकतो. ती वापरू नका. आणि सासूबाई नको म्हणत असतील, तर त्यांच्यापुरती साधी मुगाची खिचडी टाका. त्यांच्या घरात त्यांना नको असलेलं शिजू नये.