बोजा उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका (2016 ची सीएनजी वॅगन-आर)

नमस्कार. तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि उत्तर दिल्याशिवाय राहवेना, कारण काही वर्षांपूर्वी मी नेमकी तुमच्याच जागी उभी होते. राजगुरुनगर ते भोसरी तुमची रोजची ये-जा, दिवसाला साठेक किलोमीटर. घ्यायची आहे ती 2016 ची कंपनी फिटेड (गॅस किट कारखान्यातूनच बसवलेली) सीएनजी वॅगन-आर, 82 हजार किलोमीटर झालेली, मालक 3 लाख 10 हजार सांगतोय. मेकॅनिकने गाडी पास केली. फक्त आरसीवर अजून फायनान्स कंपनीचं नाव, म्हणजेच कर्जाचा बोजा आहे, आणि मालक म्हणतो, ‘कर्ज मागच्या वर्षीच फिटलंय, एनओसीचा (कंपनीच्या ना-हरकत पत्राचा) फोटो पाठवतो, तुम्ही पैसे द्या आणि गाडी घेऊन जा.’

इंजिन, क्लच, टायर याबद्दल तुम्हाला बाकीच्यांनी भरपूर सांगितलं आहे आणि मेकॅनिकही पाहून गेलाय, म्हणून त्यात मी फार शिरत नाही. मला त्या शेवटच्या वाक्याबद्दल बोलायचं आहे. कृपया असं करू नका.

मी तळेगावला राहते, नोकरी पिंपरीत. ऑक्टोबर 2021 मध्ये एजंटमार्फत 2013 ची सीएनजी वॅगन-आर घेतली, 2 लाख 45 हजारांना. गाडी खरंच चांगली होती, आजही आहे. आरसीवर बोजा होता. मालकाने व्हॉट्सअॅपवर कंपनीच्या पत्राचा फोटो पाठवला: कर्ज पूर्ण फिटले, बोजा कमी करण्यास हरकत नाही, खाली सही-शिक्का. मी नाव जुळवलं, गाडीचा नंबर जुळवला, आणि त्याच संध्याकाळी सगळे पैसे खात्यावर टाकले. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्या. मूळ पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 ‘दोन दिवसांत’ मिळणार होते. ते पाच आठवड्यांनी मिळाले.

ते घेऊन आरटीओत गेले. बरोबर चॅसी नंबरचा पेन्सिलने घासून काढलेला ठसा होता. खिडकीतल्या बाईंनी तो ठसा आणि कंपनीचं पत्र एकाखाली एक ठेवलं, वर फूटपट्टी धरली आणि तीन-तीन अक्षरं वाचत पुढे सरकल्या. सतरा अक्षरांचा तो नंबर. शेवटून तिसऱ्या आकड्यावर पट्टी थांबली. गाडीवर 3, पत्रात 8. ‘हे पत्र या गाडीचं नाही,’ त्या म्हणाल्या आणि कागद परत सरकवले. त्यांचा मला अजिबात राग नाही. त्यांनी जे दोन मिनिटांत केलं, ते मी पैसे देण्याआधी करायला हवं होतं.

मग सुरू झाली फायनान्स कंपनी. नाव देत नाही, देण्यात अर्थही नाही, कारण नंतर ज्यांच्याशी बोलले त्यातल्या अनेकांना वेगवेगळ्या कंपन्यांचा असाच अनुभव होता. ज्या शाखेने कर्ज दिलं ती बंद झालेली. दुसऱ्या शाखेत गेले तर काउंटरवरच्या मुलाने विचारलं, ‘कर्ज तुमच्या नावावर आहे का?’ नाही म्हटल्यावर, ‘मग आम्ही तुमच्याशी बोलू शकत नाही.’ गाडी माझ्या दारात, पैसे माझे गेलेले, पण त्यांच्या लेखी मी कुणीच नाही. कॉल सेंटरला फोन केला की नवा तक्रार क्रमांक मिळायचा, सात दिवसांनी ‘तक्रार निकाली’ असा मेसेज यायचा आणि काहीच झालेलं नसायचं. माझ्या वहीत असे अकरा क्रमांक आहेत. जानेवारीत एकाने खरं कारण सांगितलं: कर्ज देतानाच त्यांच्या सिस्टिममध्ये चॅसी नंबर चुकीचा टाईप झालाय, तो दुरुस्त करायला गाडीचं मूळ इन्व्हॉइस लागेल आणि अर्ज कर्जदारानेच करायला हवा. चूक त्यांची, इन्व्हॉइस शोधायचं आम्ही. त्यात त्या एनओसीवर खाली बारीक अक्षरात छापलेलं, तारखेपासून 90 दिवस ग्राह्य. ती मुदतही एव्हाना उलटली होती.

आणि कर्जदार, म्हणजे जुना मालक, फोन उचलत नव्हता. वाईट माणूस नव्हता तो. त्याचे पैसे आले होते, नवी गाडी घेतली होती, त्याच्या दृष्टीने विषय संपला होता. म्हणूनच सांगते, पूर्ण पैसे मिळाल्यावर विकणाऱ्याला तुमच्यासाठी शाखेत खेटे घालायचं काही कारण उरत नाही. एजंटलाही नाही.

याच काळात डिसेंबरमध्ये देहूरोडजवळ पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला आणि माझी गाडी मागून आदळली. बंपर, बॉनेट, रेडिएटर, एक दिवा. विमा सर्वसमावेशक होता, पण जुन्या मालकाच्या नावावर. क्लेम नाकारला गेला, 27 हजार खिशातून गेले. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतं, स्वतःच्या गाडीच्या नुकसानभरपाईसाठी मात्र पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते आणि त्यासाठी 14 दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. मला वाटायचं नवी आरसी हातात आल्याशिवाय ते होत नाही. तसं नाही. सह्या झालेल्या 29-30 च्या प्रती आणि विकणाऱ्याचं संमतिपत्र जोडून अर्ज देता येतो. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तेवढा फरक भरावा लागतो. तो निमूट भरा.

शेवटी सुटलं कसं? मार्चमध्ये एका रविवारी मी आणि माझे मिस्टर थेट त्या मालकाच्या घरी गेलो, चिखलीला. भांडायला नाही. त्याला एकच गोष्ट समजावली: आरटीओच्या नोंदीत अजून तूच मालक आहेस. उद्या या गाडीने कुणाला उडवलं तर भरपाईचा दावा तुझ्यावर येईल. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं आहे, की गाडी विकली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, कायद्याने मालक तोच. हे ऐकल्यावर त्याच्या आईनेच आतल्या कपाटातून फाइल आणली. इन्व्हॉइस तिच्यातच होतं, शोरूमच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, सर्व्हिस बुकसकट. जानेवारीपासून ज्या कागदासाठी फिरत होतो तो.

त्याच्या सहीने कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला रजिस्टर एडीने पत्र पाठवलं, आधीचे अकरा तक्रार क्रमांक तारखांसह लिहून. 30 दिवस उत्तर नाही. मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली, तीही त्याच्याच नावाने. त्यानंतर तीन आठवड्यांत दुरुस्त एनओसी आणि नवा फॉर्म 35 घरी आला. जून 2022 मध्ये आरसी माझ्या नावावर झाली. आठ महिने लागले, वर उशिराचा दंड.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट जमेची आहे. डिसेंबर 2023 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत कागदपत्रं परत करून नोंदलेला बोजा काढायचा, आणि उशीर कंपनीमुळे झाला तर दर दिवसाला 5 हजार रुपये कर्जदाराला द्यायचे. घरगुती वापराच्या गाडीचं कर्ज यात येतं असा माझा समज आहे. मी वकील नाही, आकडेमोडीतली बाई आहे, तेव्हा खात्री करून घ्या. पण तुमच्या मालकाचं कर्ज खरंच मागच्या वर्षी फिटलं असेल तर मूळ एनओसी न देता नुसता फोटोच का, हे त्याला नक्की विचारा. एकतर कंपनी नियम मोडते आहे आणि त्याने तक्रार करायला हवी, किंवा हप्ते अजून बाकी आहेत. कर्जखात्याचं स्टेटमेंट मागा, शून्य बाकी दाखवणारं.

मी तुमच्या जागी असते तर दहा-पंधरा हजार बयाणा देऊन साध्या कागदावर लिहून घेतलं असतं, की बोजा उतरल्यावर उरलेले पैसे आणि अमुक तारखेपर्यंत न उतरल्यास बयाणा परत. मालक ऐकत नसेल तर गाडी सोडून द्या. इथे एकाने लिहिलंय की ‘एजंटला पाच हजार द्या, तो सगळं करून देतो.’ माझा याला स्पष्ट विरोध आहे. एजंट रांगेत उभा राहील, फॉर्म भरेल, पण कंपनीच्या सिस्टिममधला चुकलेला आकडा तो बदलू शकत नाही. 2016 च्या वॅगन-आर बाजारात भरपूर आहेत.

मूळ पत्र समोर आलं की बॉनेट उघडा, गाडीवर कोरलेला चॅसी नंबर मोबाइलच्या उजेडात वाचा आणि पत्र, फॉर्म 35, आरसी, विमा या चारही कागदांवर एकेक अक्षर जुळवा. दोघांनी करा, एकाने वाचायचं, दुसऱ्याने बोट ठेवायचं. इंजिन नंबरही तसाच. थकीत ई-चलान आणि एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) पाटीचं तेव्हाच पाहून घ्या.

आता तुम्ही विचारलेल्या अॅव्हरेजबद्दल. कंपनीचा आकडा किलोला 26.6 किलोमीटरचा. मला तळेगाव-पिंपरी मार्गावर 22-23 मिळतं, पावसाळ्यात निगडीच्या पुढे गाड्या तुंबल्या की 20. टाकी 60 लिटरची म्हणतात, पण ते पाण्याचं माप आहे, गॅस 8-9 किलोच बसतो. म्हणजे तुम्हाला दर तिसऱ्या दिवशी पंप. रांग टाळायला आणि गॅस थोडा जास्त बसायला सकाळी लवकर भरा. दुपारी टाकी तापलेली असते, दाब लवकर पूर्ण होतो आणि वजनाने कमी भरतो.

सीएनजीच्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने टाकीची मजबुती तपासणं) दर तीन वर्षांनी करावी लागते. तुमच्या गाडीची आतापर्यंत तीनदा झालेली असायला हवी. प्लेटवरची तारीख आणि सर्टिफिकेट दोन्ही पाहा. नसेल तर तो खर्च किमतीतून कापा, आणि टेस्ट झाल्याशिवाय गॅस भरायला जाऊ नका. इथे मी कुणाचंही ‘काही होत नाही हो’ ऐकून घेत नाही. ती टाकी 200 बारच्या दाबाने भरतात आणि मागच्या सीटवर आपली मुलं बसतात.

देखभाल खरं तर सोपी आहे. या के-सिरीज इंजिनला टायमिंग चेन आहे, त्यामुळे जुन्या गाड्यांसारखा बेल्ट बदलायचा खर्च नाही, मात्र ऑइल वेळेवर हवं. पुस्तकात 10 हजार किलोमीटर आहे, मी 8 हजारांना बदलते. स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर गॅसवर जास्त महत्त्वाचे. गाडी चढावर धक्के देऊ लागली की लोक गॅस किट उघडायला लावतात, आधी प्लग पाहा. पेट्रोलची टाकी कधी कोरडी ठेवू नका. आठवड्यातून पाच-दहा किलोमीटर मी मुद्दाम पेट्रोलवर चालवते.

राहिलं पुरात बुडालेल्या गाड्यांचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला आणि 2021 च्या जुलैमध्ये चिपळूण-महाडला ज्या गाड्या पाण्यात गेल्या, त्यातल्या काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. तुमची गाडी तेव्हा रस्त्यावर होती. चारही सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ किंवा कडक झालेला भाग दिसला तर गाडी बुडलेली असण्याची दाट शक्यता आहे. माझ्या नणंदेने असाच एक सौदा वाचवला, बाहेरून ती गाडी आरशासारखी चमकत होती.

पत्र हातात आलं आणि काही शंका वाटली तर फोटो इथे टाका, मी पाहून सांगेन. मात्र नाव, मोबाइल नंबर आणि चॅसी नंबरची मधली अक्षरं झाकून टाका. आणि मालकाला फोन आजच करा, रविवारची वाट पाहू नका.