सांदण दरीत मुलांना नेताना

पुण्याहून भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावी जाऊन तिथली सांदण दरी, म्हणजे कातळातली अरुंद, खोल चीर, पाहायची आणि रात्री तंबूत राहायचं, असा बेत आखणाऱ्या वाचकांचे हे प्रश्न.

मुलगी आठ वर्षांची आहे. कुठपर्यंत नेता येईल? (कोथरूड)

पाण्याचे डोह ओलांडून, दोर लावून उतरायच्या पहिल्या टप्प्याच्या अलीकडेपर्यंत. तो टप्पा उतरलात की मागची वाट बंद. मग करोली घाटाने वर चढायचं, नाहीतर कोकणात डेहण्याला उतरायचं. दोन्ही लहान मुलांच्या आवाक्याबाहेरचं. शिवाय दरी आत शिरताना उतरत जाते. मुलं जाताना दगडांवरून पळतात आणि येताना तेच दगड चढायचे म्हटलं की रडकुंडीला येतात. म्हणून सकाळी 8 ला आत शिरा आणि 10 वाजता जिथे असाल तिथून मागे फिरा.

डोहात ऊन जवळजवळ पोचतच नाही, त्यामुळे डिसेंबरात पाणी अंगाला झोंबतं. मोठ्या माणसाने काठीने तळ चाचपत आधी पलीकडे जाऊन यावं. त्याच्या कमरेच्या वर पाणी लागलं, तर मुलांना अलीकडेच थांबवा. बूट काढू नका, तळाशी धारदार दगड असतात.

नोव्हेंबरात अवकाळी पाऊस आला तर? (पिंपरी)

तर आत जाऊच नका. पठारावरचं पाणी याच चिरेत उतरतं आणि दोन्ही बाजूंना सरळसोट कातळ, बाजूला व्हायला जागाच नाही. आतून आभाळाची नुसती पट्टी दिसते, त्यामुळे ढग जमलेले कळत नाहीत. निघताना रतनगडाच्या बाजूला पाहा, गावातल्या वाटाड्याला विचारा. आत असताना पाणी गढूळ झालं किंवा पालापाचोळा वाहत आला, तर सामान टाकून निघा.

तंबूत थंडी वाजते, सकाळी छत आतून ओलं असतं. (सिंहगड रस्ता)

ओल तुमच्याच श्वासाची. जाळीची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. थंडी मात्र खालून येते. पांघरूण वाढवण्यापेक्षा माणशी एक फोमची चटई घ्या. कापणी झालेल्या खाचरात तंबू लावायचा तर मालकाला विचारून, आणि वरच्या खाचरात. थंड हवा सखल भागात साचते. भाताची धसकटं तंबूचा तळ फाडतात. ती आधी विळ्याने जमिनीलगत कापा, वर जाड ताडपत्री, मग तंबू. चूल तंबूपासून दूर. हे अभयारण्य आहे आणि वाळलेलं गवत ठिणगीनेही पेटतं.

कड्यावरच्या मोहोळांची भीती वाटते. (औंध)

वाटायलाच हवी. आग्या माश्या धुराने आणि उग्र वासाने बिथरतात. अत्तर, डिओ, सिगारेट घरीच ठेवा. दरीत आरोळ्या नकोत. उठल्याच, तर तोंड-डोकं कापडाने झाका आणि मुलांना पुढे घालून तिथून बाहेर पडा. माशी मारू नका, तिच्या वासाने बाकीच्या चवताळतात. काटा रुतला तर नखाने लगेच खरवडून काढा. ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर तडक दवाखाना गाठा.