प्रार्थना थांबली आहे, हे आईच्या आधी वर्गाला सांगू का?

ताई, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लेखनाच्या वर्गासाठी स्वतःच्या आयुष्यावर १२०० शब्दांचा लेख लिहून सगळ्यांसमोर वाचायचा आहे. दहा दिवस उरलेत. आजी आजारी होती तेव्हा आम्ही घरचे सगळे रोज रात्री तिच्या पलंगाभोवती बसून प्रार्थना म्हणायचो. शेवटच्या आठवड्यात एकदा म्हणता म्हणता मी घड्याळाकडे पाहिलं, आणि ते आजीच्या लक्षात आलं. ती गेल्यापासून माझ्या तोंडून प्रार्थना निघत नाही. आई रोज फोनवर विचारते, 'प्रार्थना केलीस ना?' मी 'हो' म्हणते. हे लिहिलं तर आई दुखावेल. वर्गातली निम्मी मुलं श्रद्धेची टिंगल करतात. ती आजीला हसली तर मला सहन होणार नाही. औषधपाण्याच्या खर्चाच्या वेळी काकांनी हात वर केले, तेही लिहावंसं वाटतं. काय करू?

*

तुझ्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत: लिहायचं का, वर्गात वाचायचं का आणि आईला सांगायचं का. तिन्हींचं उत्तर एकदम द्यायला गेलीस म्हणून तू अडकली आहेस. लिहायला आज रात्रीच बस. वाचायचं की नाही ते या आठवड्यात मॅडमशी बोलून ठरव. आईशी बोलण्याला मात्र लेखाची तारीख लावू नकोस.

पहिला खर्डा हाताने, वहीत लिही. मोबाईलमधली फाइल चुकून भलत्याच ग्रुपवर जाते, आणि ती भीती मनात असली की हात आखडतो. चाळीस मिनिटं लाव, खोडाखोड करू नकोस, मग दोन दिवस वही उघडूच नकोस. तिसऱ्या दिवशी दोन रंगांची पेनं घेऊन बस. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं जे असेल त्याखाली निळी रेघ मार. जिथे तू निकाल देऊन टाकला असशील, म्हणजे 'सगळं निरर्थक होतं', 'माझी श्रद्धा संपली', 'आई डोळे मिटून मानते', तिथे लाल. पहिल्या खर्ड्यात लाल रेघाच जास्त निघतात, कारण दुःख ताजं असलं की मन घाईने निष्कर्षावर येतं. प्रत्येक लाल वाक्य काढ आणि ते ज्या प्रसंगातून आलं तो प्रसंग त्या जागी लिही. प्रसंग आठवतच नसेल तर ते वाक्य बहुधा तुझं नाही, कुठून तरी ऐकलेलं आहे.

तुझा लेख त्या घड्याळापाशी आहे. पत्रात तू ते एका वाक्यात उरकलंस आणि पुढे गेलीस. किती वाजले होते? प्रार्थनेची कोणती ओळ चालू होती? आजीचा हात कुठे होता, तू तिच्या उशाशी होतीस की पायाशी? आणि तुझी नजर परत वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय होतं? ती रागावली, हसली की नुसती बघत राहिली, हे तू लिहिलेलं नाहीस. नेमकं आठवत नसेल तर 'आठवत नाही' असंच लिही. कल्पनेने ती जागा भरलीस तर तू स्वतःला सोयीची आजी रचशील: माफ करणारी, नाहीतर शिक्षा देणारी. १२०० पैकी निदान ४०० शब्द त्या एका रात्रीला दे. दुसरा प्रसंग फोनचा. आईचा प्रश्न, तू उत्तर द्यायला लावलेला वेळ, तुझं 'हो'. घराची ओळख, लहानपण आणि श्रद्धेवरचं चिंतन मिळून शंभर-दीडशे शब्दांत आटप. नव्या लेखकांचं निम्मं पान तिथेच खर्ची पडतं आणि खऱ्या प्रसंगाला जागा उरत नाही.

तोंडून प्रार्थना निघत नाही, याचा अर्थ विश्वास उरला नाही असाच होतो असं नाही. जी गोष्ट एखाद्या माणसासोबत रोज केली, ती तो गेल्यावर एकट्याने करणं जड जातं. त्यातून तुझ्या प्रार्थनेला त्या रात्रीची टोचणी चिकटली आहे. तेव्हा लेख जमा करण्याच्या तारखेपर्यंत स्वतःला आस्तिक किंवा नास्तिक ठरवून टाकू नकोस. शेवटच्या परिच्छेदात अचानक देव भेटला किंवा कायमचा सुटला, तर वाचकाला दोन्ही खोटं वाटतं. सतराव्या शतकात संत बहिणाबाईंनी नवऱ्याचा विरोध आणि संसार की भक्ती ही घालमेल आपल्या अभंगांत मांडली. म्हणजे घरातल्या माणसांविषयी आणि देवाविषयी एकाच वेळी, मन दुभंगलेलं असताना लिहिण्याची वाट आपल्या भाषेत जुनी आहे.

आईला लेखात श्रद्धेची प्रतिनिधी करू नकोस. तिची एक तरी अशी कृती लिही जिचा प्रार्थनेशी संबंध नाही. आजी तिची आई असो की सासू, त्या पलंगापाशी तीही बसलेली होती. काकांचा परिच्छेद पूर्ण काढून लेख पुन्हा वाचून बघ. मला वाटतं, लेखाचं काही बिघडणार नाही. पैशाची ती गोष्ट त्यांची आहे, त्यांची बाजू तुला ठाऊक नाही, आणि रागात लिहिलेला परिच्छेद शेजारच्या चांगल्या परिच्छेदांनाही खाली ओढतो. तो वहीतच राहू दे.

आता वर्ग. मॅडमना उद्याच भेट आणि विचार: लेख फक्त तुम्हाला दिला तर चालेल का? वाचायचाच असेल तर काही भाग वाचला तर चालेल का? छापील प्रती वाटल्या तर त्या परत गोळा करता येतील का? आदल्या दिवशी विचारलंस तर हे टाळाटाळीसारखं दिसेल, आत्ता विचारलंस तर सोय होईल. चर्चेत सगळ्यांनी 'तू' न म्हणता 'निवेदक' म्हणावं, ही विनंतीही कर. तेवढ्यानेच बोलणं तुझ्या घरावरून लेखावर येतं. १२०० शब्द सावकाश वाचायला साधारण दहा मिनिटं लागतात. घरी दोनदा मोठ्याने वाच आणि आवाज कुठे भरून येतो तिथे खूण कर. त्या जागी थांबून श्वास घ्यायचा, हे ठरलेलं असू दे. टिंगलीचं म्हणशील तर विधानाची टिंगल करणं सोपं असतं, तपशिलाची अवघड. तरी कोणी केलीच, तर 'लेखात काय जमलं नाही ते सांगा, आजीबद्दल बोलू नका' एवढंच म्हण.

आईला रोज 'हो' म्हणणं मात्र उद्यापासून थांबव. त्यासाठी सगळं उघड करायची गरज नाही. 'प्रार्थनेला बसलं की आजीची फार आठवण येते, आई' एवढं म्हण. ते खरं आहे, आणि कदाचित आईलाही हेच कोणाशी तरी बोलायचं असेल. पुढचं बोलणं समोरासमोर, घरी गेल्यावर, हातात निवांत वेळ असताना. आजीच्या आठवणीसाठी सगळे जमतील तो दिवस टाळ. तेव्हाही एकच गोष्ट सांग: आजी गेल्यापासून मला प्रार्थना म्हणता येत नाही. देव आहे की नाही या वादात शिरू नकोस. आई गप्प होईल, रडेल, कदाचित 'कॉलेजने बिघडवलं' असंही म्हणेल. त्या क्षणी उत्तर देऊ नकोस, उठूनही जाऊ नकोस. शिक्षणाचा खर्च बंद होईल किंवा घरी मारहाण होईल अशी भीती असेल तर हा सल्ला बाजूला ठेव. आधी कॉलेजच्या समुपदेशकांशी बोल. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तरी त्यांच्याकडे जा.

लेख चांगला उतरला तर मॅडम तो अंकात द्यायला किंवा स्पर्धेला पाठवायला सांगतील. तिथे लगेच होकार देऊ नकोस. वर्गात ऐकणारे मोजके असतात, छापलेलं कोणाच्याही हाती पडतं, आणि नावं बदलून आई लपत नाही. त्याआधी तिला तो स्वतः वाचून दाखव. एखादी ओळ काढ म्हणाली तर कोणती आणि का ते नीट ऐकून घे, आणि एक दिवस जाऊ देऊन मग ठरव.