कॅलिफोर्नियात एच-४ वर आहे. कम्युनिटी कॉलेजात रोबॉटिक्स, थेरप्युटिक रिक्रिएशन की रिअल इस्टेट, यातला कोणता कोर्स घ्यावा?

तुम्ही बी.कॉम. आहात, पुण्यात बँकेत होतात, आता नवऱ्याच्या नोकरीमुळे बे एरियात आलात आणि कॉलेजच्या यादीत ही तीन सर्टिफिकिटं दिसली, एवढं तुमच्या प्रश्नावरून कळलं. मी इथे घरांच्या खरेदी-विक्रीत एजंट आहे, तेव्हा माझं पारडं कुठे झुकणार हे धरूनच वाचा.

आधी व्हिसाचं. एच-४ वर, म्हणजे एच-१बी वर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, शिकायला आडकाठी नाही, त्यासाठी एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यायची गरज नसते. कमवायला मात्र ईएडी, म्हणजे काम करायचं परवानापत्र, लागतं. २०१५ पासून ते मिळू लागलं, पण साधारणपणे नवऱ्याचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालेलं असेल तरच. फीचं म्हणाल तर राज्यातल्या रहिवाशाला युनिटमागे (कोर्स किती मोठा ते युनिटमध्ये मोजतात) ४६ डॉलर, बाहेरच्याला त्याच्या कित्येक पट. एच-४ वाल्यांना वर्षभराहून जास्त राहिल्यावर रहिवासी धरलं जाऊ शकतं. म्हणून भाड्याचा करार, ड्रायव्हिंग लायसन्स, टॅक्स रिटर्न असे कागद आजपासूनच एका फाइलमध्ये लावा.

रोबॉटिक्सबद्दल थोडक्यात सांगते. कॉलेजातलं हे सर्टिफिकेट प्रोग्रॅमिंगच्या नोकरीसाठी नसतं. सेन्सर, मोटर, न्यूमॅटिक्स (हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा), पीएलसी (यंत्रांना हुकूम देणारा छोटा कॉम्प्युटर) शिकवतात आणि पुढचं काम म्हणजे कारखान्यात बंद पडलेली लाइन चालू करणं, तेही शिफ्टमध्ये. काम चांगलं आहे, पण तुम्हाला सुरुवात वीज आणि त्रिकोणमितीपासून करावी लागेल. यंत्रं उघडून बघायची मुळातच हौस असेल तर जरूर जा, नाहीतर नको.

थेरप्युटिक रिक्रिएशन म्हणजे आजारी, वयस्कर माणसांना खेळ-छंदांतून बरं वाटेल असं बघणं. पण या नावाने फसायला होतं. ‘सीटीआरएस’ हा जो राष्ट्रीय दाखला आहे, त्याला साधारणपणे त्या विषयातली पदवी लागते, वर ५६० तासांची इंटर्नशिप आणि परीक्षा. कम्युनिटी कॉलेजच्या सर्टिफिकेटवर तो मिळत नाही. पण नर्सिंग होममध्ये (वृद्धांना सांभाळणाऱ्या संस्थेत) अ‍ॅक्टिव्हिटी लीडर, म्हणजे तिथल्यांचे खेळ-कार्यक्रम घेणारी, व्हायचं तर कॅलिफोर्नियाच्या नियमात ३६ तासांच्या खास प्रशिक्षणाचीही वाट आहे. काम म्हणजे नुसतं बिंगो खेळवणं नव्हे. प्रत्येक आजी-आजोबांना काय आवडतं ते विचारून लिहायचं, त्यांच्या केअर प्लॅनमध्ये घालायचं, तपासणीला आलेल्यांना नोंदी दाखवायच्या. पगार बेताचाच असतो, पण दर महिन्याला येतो. आणि हिंदी, गुजराती, मराठी बोलणारी वयस्कर माणसं इथे भरपूर आहेत. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारं कोणी मिळालं की जेवणसुद्धा दोन घास जास्त जातं.

आता माझा प्रांत. सेल्सपर्सनच्या, म्हणजे एजंटच्या, लायसन्ससाठी रिअल इस्टेटचे तीन कोर्स लागतात: प्रिन्सिपल्स (तत्त्वं), प्रॅक्टिस (प्रत्यक्ष व्यवहार) आणि ठरलेल्या यादीतला तुमच्या आवडीचा एक. प्रत्येकी ३ युनिट, म्हणजे रहिवासी असाल तर तिन्ही मिळून ४१४ डॉलर, पुस्तकं वेगळी. पदवीची अट नाही. मग राज्याची परीक्षा: ३ तास, १५० प्रश्न, ७० टक्क्यांना पास. बँकेत कर्जाचे कागद हाताळले असतील तर गहाणखत आणि व्याजाचा भाग तुम्हाला डाव्या हाताचा मळ वाटेल.

अडतं ते पुढे. लायसन्स मिळालं तरी एखाद्या ब्रोकरच्या (एजंटच्या वरचं लायसन्स असलेल्याच्या) हाताखालीच काम करावं लागतं. पगार नाही, सौदा झाला तर कमिशन, त्यातही ब्रोकरचा वाटा. एजंटांच्या संघटनेची वर्गणी आणि एमएलएसची (विकायच्या घरांच्या एजंटांमधल्या सामायिक यादीची) फी मात्र सौदा होवो न होवो, भरायचीच. त्यात ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलले. आता घर दाखवायला नेण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार करून आपलं मानधन त्यात लिहावं लागतं. पूर्वी ते विकणाऱ्याकडून परस्पर निघायचं, त्यामुळे ‘तुला कशाला पैसे द्यायचे, तू तर आपलीच’ हे ऐकायची वेळ कमी यायची.

आपल्या लोकांत काम करणार असाल तर आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. गिऱ्हाईक हमखास विचारतं, “आपली माणसं कुठल्या भागात आहेत? तिकडेच घर दाखव.” याचं उत्तर एजंटने द्यायचं नसतं. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्याप्रमाणे वंश, धर्म, मूळ देश बघून कोणाला एखाद्या भागाकडे वळवणं बेकायदा आहे, मग विचारणारा आपला मावसभाऊ का असेना. बजेट, खोल्या, ऑफिसपासूनचं अंतर यावर बोलायचं. शाळांची माहिती त्यांनी स्वतः बघायची. नव्या एजंटला हे फार अवघडल्यासारखं होतं, कारण आपल्याकडे घर घेताना पहिला प्रश्नच शेजारी कोण हा असतो. २०२४ पासून प्रॅक्टिसच्या कोर्समध्ये यावर वेगळा भाग सक्तीचा केलाय. तो लक्ष देऊन करा.

माझं मत विचाराल तर घरात दुसरा पगार असेल आणि वर्षभर काहीच हाती आलं नाही तरी चालणार असेल तर रिअल इस्टेट. महिन्याला ठरावीक रक्कम हवीच असेल तर अ‍ॅक्टिव्हिटीचं काम.

ईएडी अजून आलं नसेल तर कोर्स खुशाल करून ठेवा, पण परीक्षेची घाई करू नका. पास झाल्यापासून वर्षाच्या आत लायसन्सचा अर्ज करावा लागतो, आणि लायसन्सची चार वर्षं मिळाल्या दिवसापासून मोजली जातात, तुम्ही काम करा किंवा नका करू.