बरणीतला दिवा आणि पाण्याचा अभ्यास

इचलकरंजीहून एका वडिलांनी लिहिलंय: मुलगी बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला. प्रदर्शनात तिने नदीकाठच्या चिखलाच्या पाच बरण्या जोडून एलईडी पेटवला. आता ‘सांडपाण्यापासून वीज’ यातच करिअर करायचं म्हणते. यात पोट भरेल का?

नमस्कार. निव्वळ विजेच्या भरवशावर नाही भरणार. पण तिला थांबवू नका.

चिखलातले जिओबॅक्टरसारखे जिवाणू सेंद्रिय घाण खातात आणि त्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन थेट इलेक्ट्रोडला देतात. जिवाणूंपासून वीज मिळते हे पॉटर यांनी इंग्लंडमध्ये १९११ सालीच दाखवलं होतं. तरी आजही शहरं यावर चालत नाहीत, कारण अशा एका बरणीतून, म्हणजे ‘मायक्रोबियल फ्युएल सेल’मधून (जिवाणूंवर चालणाऱ्या विद्युतघटातून), मिळतो जेमतेम अर्धा व्होल्ट. सेल मोठा केला म्हणून वीज त्या प्रमाणात वाढत नाही, आणि बरेच सेल ओळीने जोडले की एखाद्या दुबळ्या सेलचं व्होल्टेज उलटं होतं.

खरी गंमत पुढे आहे. नेहमीच्या एसटीपीत (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पात) विजेचा साधारण निम्मा खर्च ब्लोअरने पाण्यात हवा सोडण्यावर होतो. या सेलमधल्या जिवाणूंना ती हवा लागत नाही, गाळही कमी निघतो. म्हणजे मिळणाऱ्या विजेपेक्षा वाचणारी वीज मोलाची. म्हणून मी म्हणेन, तिने आधी पाणी शिकावं. तुमच्या गावात प्रोसेस हाऊसच्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्यांच्या, रंगीत पाण्याचा प्रश्न दारातच आहे, आणि कापडाचे रंग या सेलमध्ये फिके करण्यावर संशोधनही बरंच झालंय. सुट्टीत दोन महिने एखाद्या ईटीपीच्या (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पाच्या) लॅबमध्ये बीओडी, सीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीची मापं, स्वतःच्या हाताने काढू दे. तिथली सुरुवातीची नोकरी पगाराला साधीच असते, पण ती मिळते.

रसायनशास्त्र मात्र सोडू देऊ नका. मायक्रोबायोलॉजीची मुलं इथे अडतात ती इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत. एम.एस्सी.साठी ‘जॅम’ या प्रवेश परीक्षेत बायोटेक्नॉलॉजीचा पेपर आहे. तिसऱ्या वर्षापासून ‘गेट’ ही परीक्षाही देता येते, त्यात २०२१पासून पर्यावरण विज्ञान आणि अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे. पुढे संशोधनच करायचं ठरलं तर आयआयटी खरगपूर आणि हैदराबादच्या आयआयसीटीत (रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत) या सेलवर कित्येक वर्षं काम झालंय. पाण्यासाठी आपल्या नागपूरची नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहेच.

तोवर तिला एक काम सांगा. पुढच्या बरणीत सांडपाणी भरून पहिल्या आणि आठव्या दिवशी सीओडी मोजायचा. शेजारी तारा न जोडलेली तशीच दुसरी बरणी ठेवायची. दोन्हींचे आकडे मला कळवा, मग पुढचं बोलू.